दोन कड्यांचा गंज

भंडाऱ्याच्या तांबटांनी ठोकून घडवलेला मी पितळेचा एक जुना गंज आहे. आमच्या भागात भात शिजवायच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. मित्रांनो, माझ्या अंगभर हातोडीचे गोल ठसे आहेत. इतके ठोके खाल्ले की पितळ आगीला भीत नाही. माझ्या पोटात अख्ख्या मोहल्ल्याचा भात एका वेळी शिजतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

गोंदिया जिल्ह्यात दवनीवाड्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये म्हणजे भातखाचरांमध्ये आमचे गाव आहे. तिथल्या बौद्ध मोहल्ल्याने १९९९ साली वर्गणी काढली आणि मला गोंदियाच्या दुकानातून आणले. न्यायला दोघे आले होते. विहाराच्या मंडळाचे सचिव सेवकराम आणि अंगणवाडीच्या सुमनबाई. दुकानदाराने नाव कोरायचे यंत्र हातात घेतले.

"किसका नाम डालूँ?"

"मंडळाचं टाका," सेवकराम म्हणाले. "खाली सचिवाचं टाकलं तरी चालते."

"काऊन? गंज सचिवाच्या घरचा आहे का?" सुमनबाई म्हणाल्या. "भाऊ, फक्त 'समाज' लिहा."

"कौन सा समाज, बाई? आगे कुछ तो लिखना पड़ेगा. सब लिखवाते हैं."

"लिहू द्या ना त्यायले," सेवकराम म्हणाले. "आपला समाज म्हणजे आपला मोहल्ला."

"आपण कोण हावो ते मोहल्ल्याले मालूम आहे. गंजाले कायले सांगता?"

माझ्या काठावर तेवढा एकच शब्द कोरला गेला. आमच्या जिल्ह्यात कोणी 'समाज' म्हटले की पुढचा प्रश्न येतोच, कोणता? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जात. माझ्यावर ते उत्तर लिहिलेले नाही.

मी विहाराच्या मागच्या खोलीत राहू लागलो. मला नेण्याची एक रीत सुमनबाईंनी घालून दिली. ज्याच्या घरी कार्य असेल त्या घराने माझी एकच कडी धरायची. दुसरी कडी दुसऱ्या घराने धरायची. घरात चार तगडे भाऊ असले तरी त्यांनी आपसात मला उचलायचे नाही. त्यामुळे गंज हवा असेल तर आधी कोणाला तरी हाक मारावी लागे. बांधावरून भांडलेले शेजारी लग्नाच्या आदल्या दिवशी एकमेकांच्या दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मी लग्नांचा भात शिजवला, बुद्धपौर्णिमेची खीर शिजवली, बारशांच्या घुगऱ्या शिजवल्या. दरवर्षी मला कल्हई होई. माझ्यात भात करपत नाही, असे लोक म्हणत आणि मी ते कान देऊन ऐकत असे.

मग २००७ सालचा उन्हाळा आला. गावच्या दुसऱ्या टोकाला पोवारांची, म्हणजे इथल्या एका शेतकरी जातीची घरे आहेत. त्यांच्यातल्या पटले आडनावाच्या घरातल्या रुचीचे लग्न होते. पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले आणि भांडी कमी पडली. रुचीचे वडील हेमेंद्र स्वतः मोहल्ल्यात आले. इतक्या वर्षांत त्या घरचे कोणी गंज मागायला आले नव्हते. सुमनबाईंनी एक कडी त्यांच्या हातात दिली, दुसरी आपण धरली. त्या वाटेवर मी किती ताठ होतो म्हणून सांगू!

पण मला चुलीवर ठेवले नाही. विहिरीजवळ ठेवून माझ्यात पाणी भरले. जेवून आलेले पाहुणे त्या पाण्याने हात धुऊ लागले. मांडवात आलेल्या सेवकरामांनी ते पाहिले. ते न जेवता परतले.

"भात नाही शिजवला त्यायनं आपल्या गंजात," ते सुमनबाईंना म्हणाले. "हात धुतले. आता सांग, कोणाचा समाज?"

 सुमनबाईंनाही ते लागले होते. सेवकरामांनी खोलीला कुलूप घातले आणि गंज मोहल्ल्याबाहेर जाणार नाही असे ठरवून टाकले. मित्रांनो, त्यांचा राग खोटा नव्हता. पण कुलूप लागले की मोहल्ल्यातलेही येईनासे होतात. लोक मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रातून ॲल्युमिनियमची भांडी आणू लागले. ती टेम्पोतून येतात, कोणाला हाक मारावी लागत नाही. मी आत हिरवा पडत गेलो.

२०१२ च्या हिवाळ्यात सुमनबाई वारल्या.

त्यांची मुलगी स्नेहल नागपूरच्या कॉलेजात शिकवते. तिने सेवकरामांकडून खोली उघडून घेतली. आईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्धांमधल्या मरणोत्तर कार्याचा भात तिला माझ्यातच शिजवायचा होता, आणि त्या भाताला अख्खे गाव हवे होते. चिंच आणि राख घेऊन ती मला घासायला बसली. मोहल्ल्यातल्या मुली मदतीला आल्या. काठावरचा शब्द उजळला तेव्हा एकीने विचारले, "ताई, समाज म्हणजे काय वो?"

"जुना संस्कृत शब्द आहे," स्नेहल म्हणाली. "सम् म्हणजे एकत्र, अज् म्हणजे चालणं, पुढे नेणं. एकत्र चालतात तो समाज. इंग्रजीत कम्युनिटी म्हणतात ना, तो शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या पोटात 'मुनुस' आहे. मुनुस म्हणजे वाट्याला आलेलं काम. दिलेली भेट पण. ते ज्यांनी वाटून घेतलं, ते सगळे मिळून कम्युनिटी."

"त मंग कडी म्हण ना सरळ," दारातून सेवकराम म्हणाले. "एवढं लॅटिन कायले?"

आई गेल्यापासून स्नेहल पहिल्यांदा हसली. सेवकराम मात्र हसले नाहीत.

"पटल्यांकडे निरोप गेला म्हणते."

"मी स्वतः जाऊन आली, काकाजी."

"विहिरीवरचं विसरली का?"

"नाही. आईही विसरली नव्हती. पण तिनं कोणाला वगळलं नसतं."

"मंग मले कडी धराले बोलावू नको."

कार्याच्या सकाळी कल्हई होऊन मी लखलखत होतो. स्नेहलने माझी एक कडी धरली. दुसरी कडी धरायला मोहल्ल्यातला खुशाल नावाचा तरुण पुढे आला, त्याने सेवकरामांकडे पाहिले आणि तो थांबला. मग कोणीच पुढे आले नाही. स्नेहल तशीच वाकून उभी राहिली. तिने कडी सोडली नाही.

तेवढ्यात पटल्यांच्या हेमेंद्रांची म्हातारी आई, रामबाई, काठी टेकत आली. काठी भिंतीला लावून तिने माझी दुसरी कडी धरली. मी जरासाही हललो नाही.

सेवकराम जवळ आले. "बाई, यात हात धुवायचं पाणी नाही राहत. भात शिजते."

"मालूम आहे."

"खासाल?"

"खायलेच आलो." रामबाईने कडी सोडली नाही. "त्या दिवशी मांडवातल्या आमच्या लोकायचं भेव वाटलं मले, म्हणून गंज विहिरीवर ठेवाले लावला. मंग सुमन घरी आली. मले वाटलं भांडन. ते चहा मागून पिऊन गेली. काही बोललीच नाही. बोलली असती त बरं झालं असतं."

 रामबाईने वाकून कडी पुन्हा ओढली.

"सोडा, पाठ मोडन तुमची," सेवकराम म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातातून कडी घेतली.

दुपारी पंगत बसली. रामबाई मोहल्ल्यातल्या बायांच्या मधोमध बसली. सेवकरामांनी तिला स्वतः भात वाढला आणि ती नको म्हणत असतानाही आणखी वाढला. स्नेहलने ते पाहिले. पाणी आणते म्हणून ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

त्या दिवसानंतर सगळे गाव बदलले, असे मी तुम्हाला सांगणार नाही. अजूनही काही घरे मला बोलावत नाहीत. पण आता खोलीला कुलूप नाही, आणि मी वाट पाहू शकतो. पितळ लवकर मरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात सगळ्यांचे म्हणून एखादे भांडे असेल. त्याला वापरात ठेवा, वर्षाला कल्हई करा, कुलपात घालू नका. ते उचलायची वेळ आली की कोणाला तरी हाक मारा. ज्याला हाक मारायला जीभ जड होते, त्याला आधी मारा.