डेन्झिलसाठी ठेवलेलं जेवण

डेन्झिल माझा थोरला भाऊ. सत्तरी उलटलेली, साखरेचा जुना रोगी, डाव्या पायाची दोन बोटं आधीच गेलेली. तिसरं काळं पडायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टिनच्या डब्यातलं खाणं बंद करा, ताज्या भाज्या खा. म्हणायला काय जातं? आमच्या खोऱ्यात भाजीचं दुकान अडतीस मैलांवर, आणि ह्याच्या ट्रकचे टायर पार गुळगुळीत.

म्हणून आम्ही बायकांनी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी पैसे जमवायला जेवण ठेवलं. बीन्स, मक्याचा पाव आणि शेवटी ‘पाय’चा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, लिलाव. माझा ब्लॅकबेरी पाय नव्वद डॉलरला गेला, हे आपलं सांगून ठेवते. चार हजार तीनशे डॉलर जमले. वर्षाची भाजी आणि पेट्रोल आरामात निघालं असतं. आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या नावाने जेवण, पैसे त्याच्याच खात्यात. कुणाला बोलायला जागा नको. सोमवारी सकाळी बँकेत जाऊन मीच भरले. मोठी शहाणी ना मी!

डेन्झिलचं इन्सुलिन आणि पायाचे उपचार सरकारी कार्डावर चालतात. कार्ड गरिबांसाठी. खात्यात दोन हजारांच्या वर गेलं, की माणूस गरीब राहत नाही. थंडीत घर गरम ठेवायच्या गॅसचे अठराशे त्यात आधीच होते. दुसरा कुणी गप्प बसला असता. आमच्या धुतल्या तांदळाने स्वतःच कार्डाच्या ऑफिसात फोन करून कळवलं.

मी बोलायला गेले, तर ऑफिसातली बाई स्वभावाने चांगली होती, त्यामुळे भांडताही येईना.

"एकतीस तारखेच्या आत खर्च करा, नाहीतर कार्ड बंद," ती म्हणाली.

"आज सत्तावीस आहे."

"हो."

"ज्यांचे त्यांना परत देते."

"वाटून टाकलेले चालत नाहीत. त्यानेही कार्ड जातं."

"अहो, वर्षाची कोबी-गाजरं चार दिवसांत आणून ठेवू कुठे? त्याच्या पलंगाखाली?"

तिने यादी काढली. गाडीची दुरुस्ती चालेल. अंत्यसंस्काराची तयारी चालेल. थडग्याचा दगड तर मालमत्तेत मोजतच नाहीत.

"म्हणजे मेल्याचा खर्च चालतो, जगण्याचा नाही?" मी विचारलं.

"नियम मी केले नाहीत, बाई," ती म्हणाली. खरंच होतं ते.

टायर घेतले, साडेसहाशेला. त्याच टायरांवरून तीस तारखेला आम्ही दगडवाल्या स्टार्चरकडे गेलो. डेन्झिलने राखाडी ग्रॅनाइट पसंत केला. नाव, जन्मतारीख आणि पुढे मोकळी जागा. हिशेब झाला तरी खात्यात दोन हजारांवर दोनशे डॉलर जास्तच उरत होते.

"अक्षरं कोरायला वेगळे पडतात," स्टार्चर म्हणाला. "एका अक्षराला पाच डॉलर. काही लिहायचंय?"

डेन्झिलने बराच वेळ डोकं खाजवलं. मग बोटांवर अक्षरं मोजत म्हणाला, "लिही: जेवायला आलात, आभारी आहे."

"अरे, थडग्यावर असं कुणी लिहितं का?" मी म्हटलं.

"अगं, त्यांचेच पैसे आहेत. मग काय बायबल लिहू?"

स्टार्चरने लिहून घेतलं. शेवटी एक फूलही कोरायला सांगावं लागलं, तेव्हा कुठे आकडा खाली आला. कार्ड वाचलं. मला इतकं हायसं वाटलं की ट्रकमध्ये बसून मी मोठमोठ्याने हसले.

पुढच्या गुरुवारी दवाखान्यात नर्सने त्याची साखर पाहिली. तीनशे दहा. बोटाचा काळेपणा वर सरकलेला.

"मिस्टर कटलिप, खाताय काय तुम्ही?"

"डब्यातली मॅकरोनी."

"आम्ही ताज्या भाज्या सांगितल्या होत्या ना? गावाने तुमच्यासाठी पैसे जमवले म्हणे."

"जमवले की," डेन्झिल म्हणाला. "भरपूर जमवले. दगड फार छान आलाय. बघायला या एकदा."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. बोट कापायची तारीख तिने लिहून दिली. ते कार्डात बसत होतं.