देवाला आणायचं फडकं

रुखमाच्या पिशवीत डबा होता, पाण्याची बाटली होती आणि कोऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधलेले मूठभर तांदूळ होते. चंद्रभान सरांनी बसमध्ये विचारलं, "हे काऊन आणलं गं पोरी?"

"देवाले आणासाठी. आजानं सांगतलं, तांदूळ वाह्यल्याबिगर देव उठत नाई."

वाटेत कुठं देऊळ लागेल म्हणून दिले असतील, असं सरांना वाटलं. आता बोला! शिकवून शिकवून केस पिकले, पण समोरचं पोर काय सांगतंय ते ऐकायची अक्कल आली नाही. त्यांनी सहावीची अठ्ठावीस डोकी मोजली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला कवडूभाऊ, घ्या गाडी." दहाच्या सुमारास बस शहरातल्या संग्रहालयाशी लागली.

शेवटच्या दालनात काचेच्या पेटीत पितळी घुंगरांची माळ होती. खाली पाटी, 'आदिवासी वाद्य'. रुखमानं तिच्यासमोर चपला काढल्या आणि सरांना माळ ओळखू आली.

ही माळ त्यांनीच तर मिळवून दिली होती! रुखमाचा आजा जंगूबाबा, त्याच्या कुळाचा हा देव. वर्षभर मोहाच्या झाडावर टांगलेला, पूजेपुरता खाली उतरायचा. तीन वर्षांपूर्वी संग्रहालयाची माणसं गावात आली तेव्हा म्हातारा हटूनच बसला होता. सरांनी त्याला समजावलं, "महिन्याभराचं प्रदर्शन आहे बाबा. मी आहे ना!" म्हाताऱ्यानं अंगठा उठवला तो सरांच्या तोंडाकडे बघून. आणि सरांनी तो कागद वाचलासुद्धा नव्हता. पुढं म्हातारा भेटला की विचारायचा, सर म्हणायचे, "येईल, येईल." मग तो विचारेनासा झाला आणि खरं सांगायचं तर सरांना बरंच वाटलं.

गेल्या आठवड्यात सरांनी सहलीची संमतीपत्रं वाटली. नातीला संग्रहालयात न्यायचं आहे बाबा, इथं अंगठा द्या. देव नेताना अंगठा घेतला होता, आता पुन्हा अंगठा मागतात म्हणजे देव परत द्यायलाच. म्हाताऱ्याचं यात काय चुकलं?

"सर, काच उघडाले सांगा ना," रुखमा म्हणाली.

सर ऑफिसात धावले. तिथला प्रफुल नावाचा साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्यानं फाइल काढून पुढं ठेवली. "दानपत्र आहे सर. कायमचं. आणि साक्षीदार म्हणून ही सही..."

सही सरांचीच होती.

"अहो, देव आहे तो त्यांचा!"

"कळतं मला. पण माझ्या हातात काय आहे? अर्ज करा. समिती बसेल तेव्हा बघू."

सरांनी आवाज चढवला, मग हात जोडले, मग पुन्हा आवाज चढवला. दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं. साहेबानं त्यांच्यासाठी चहा मागवला.

सर परत आले तर रुखमानं काचेसमोर फडकं अंथरून तांदूळ वाहिले होते आणि ती गोंडीत काहीतरी पुटपुटत होती. "ए पोरी, इथं कचरा नको करू," म्हणत रखवालदार झाडू घेऊन आला. सरांनी त्याला अडवलं. दिवसभरात तेवढंच काय ते त्यांना जमलं.

"मी बलावलं सर. आता उघडतीन ना काच?"

"आज नाई होत, पोरी."

"मंग कवा?"

तिनं एकेक दाणा वेचून फडक्यात बांधला. रडली असती तरी बरं झालं असतं. बसमध्ये बाकीच्या पोरांच्या भेंड्या चालल्या होत्या. ही मात्र फडकं मांडीवर धरून बसलेली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "आजाले तुमीच सांगसान ना सर? माह्यानं नाई होत."

"सांगतो," सर म्हणाले. काय सांगणार होते, डोंबल!

बस वळणावर आली आणि मोहाचं झाड दिसलं. खाली निम्मा गाव जमला होता. जंगूबाबा न्हाऊन-धुऊन, पांढरंशुभ्र धोतर नेसून, हातात पाण्याचा लोटा घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा होता. बस दिसताच ढोल वाजायला लागला.

"कवडूभाऊ," सर म्हणाले, "जरा हळू घ्या."

"आनखी किती हळू घेऊ सर? गाव आलं ना."