नीलकेरीच्या काठावर शववाहिका

मी एक जुनी शववाहिका आहे. मित्रांनो, लगेच पान उलटू नका. माणूस गेल्यावर त्याला घरापासून स्मशानापर्यंत नेणारी गाडी म्हणजे मी. हे काम मी हुबळीत एकोणीस वर्षं केलं आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही सरळ मनाने ऐकाल.

माझा सांगाडा कारखान्यातून आला, पण अंग बांधलं ते हुबळीतच. दुर्गदबैल बाजारातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून एक धर्मादाय संस्था काढली होती, तिच्यासाठी. गॅरेजवाल्याने माझ्या तळाला दोन लोखंडी रूळ बसवले. त्यांवरून स्ट्रेचर आत सरकायचं. खिडक्या मात्र ठेवल्या नाहीत. “आतल्याला काय बघायचंय?” असं म्हणून तो हसला. मला ते आवडलं नाही, पण मी तेव्हा नवी होते.

नागोजीअण्णा माझे चालक. अळणावरजवळच्या खेड्यातला माणूस. रोज सकाळी मला आतून-बाहेरून धुवायचे, पुसायचे आणि मगच चहा घ्यायचे. साथीच्या दोन वर्षांत आम्ही दोघांनी किती खेपा केल्या, ते आम्हालाही सांगता येणार नाही. लोक लांबून हात जोडायचे. पण मित्रांनो, हात जोडणं वेगळं आणि शेजारी बसणं वेगळं.

एकदा नागोजीअण्णांच्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न कलघटगीला होतं. वऱ्हाडाचा टेम्पो वाटेत बंद पडला. ऊन कडक होतं आणि मी रिकामी, धुतलेली, मागेच उभी होते. तरीही माणसं आहेराची बोचकी डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालत गेली. म्हाताऱ्यासुद्धा. त्यांच्या मागून नागोजीअण्णा मला रिकामीच चालवत राहिले आणि शेजारी तानूबाई, त्यांची बायको, मान खाली घालून बसली होती. त्या दिवशी मला माझं इंजिन जड झालं.

मग नवी, थंड हवेची गाडी आली. मला संस्थेच्या शेडमागे लावून ठेवलं. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली, तिला माझं काही वावगं वाटलं नाही. त्याच वर्षी नागोजीअण्णा निवृत्त झाले, तेव्हा संस्थेने त्यांना शाल आणि नारळ दिला. “शाल राहू द्या. ती जुनी गाडी द्या,” ते म्हणाले. सगळे चकित झाले, पण गाडी दिली.

ही कल्पना खरं तर तानूबाईची. एकोणीस वर्षांत अण्णांना सलग दोन दिवस सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे तीही कुठे गेली नव्हती. त्यांच्या मुलीने, रेखाने तिला मोबाइलवर गाडीतच राहणारी, गाडीतच स्वयंपाक करून तळ्याकाठी जेवणारी माणसं दाखवली होती. “हे आपल्याला जमंल की,” तानूबाई म्हणाली.

जमलं. आरटीओच्या चार खेपा झाल्या. मला पिवळा रंग आला. रेखाने पडदे शिवले. ज्या रुळांवरून स्ट्रेचर सरकायचं, त्यांवर लाकडी पेटी बसली, तिच्यात शेगडी, डबे, परात. मागचं दार उघडून पेटी ओढली की स्वयंपाकघर बाहेर! आणि मला खिडक्या कापल्या, दोन्ही बाजूंना. इतकी वर्षं रस्ता मी फक्त समोरून पाहिला होता. बाजूला शेतं असतात, बगळे असतात, हे मला तेव्हा समजलं.

कलघटगीच्या पुढे दोन तासांवर नीलकेरी नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. होड्या, तंबू, भाजलेली कणसं, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचे आणि मिरची-भज्यांचे गाडे, शनिवार-रविवारी नुसती जत्रा. काठावरच्या मैदानात गाड्या आणि तंबू लावायची सोय आहे. आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. वाटेत अण्णांनी तानूबाईला बजावलं होतं, “कुणी इचारलं तर दवाखान्याची गाडी हुती म्हण.”

संध्याकाळी तिने पेटी ओढली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. झुणक्याचा वास सुटला. शेजारच्या तंबूत हुबळीच्या देशपांडे नगरातलं कुटुंब होतं. पद्मनाभ वकील, त्यांची पत्नी दीपश्री, नऊ वर्षांची वेदश्री आणि वकिलांची आई अंबूताई, ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. बोलणं सुरू झालं, चटणीची देवाणघेवाण झाली आणि वेदश्री गरम भाकरी हातात घेऊन माझ्या पायरीवर बसली. जिवंत मूल माझ्या पायरीवर! मी श्वास रोखून उभी राहिले.

“आजी, हे रूळ कशाला हो?” तिने विचारलं.

अण्णांनी तानूबाईकडे पाहिलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं, “ही मयताची गाडी हुती, बाळ. ह्या रुळांवरनं मयत आत सरकवायचे. आता माझा सैपाक सरकतोय. गरम पाण्यानं धुऊन घेतलंय सगळं.”

दीपश्री उठली. तिने मुलीच्या हातातली भाकरी काढून ताटलीत ठेवली. फेकली नाही, तेवढी सभ्यता तिच्याकडे होती. वकील म्हणाले, “अहो, इथं लोक मजेला येतात. आधी सांगायचं तरी.” बातमी मैदानभर पसरली. थोड्या वेळाने तिथला व्यवस्थापक सुरज आला.

“अण्णा, बेजार होऊ नका. गाडी स्वल्प तिकडं घ्या, कचराकुंडीच्या पलीकडं. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.”

अण्णा उठलेच. त्यांना सवय होती. पेटी आत ढकलली, पुढे जाऊन बसले, किल्ली लावली. तेवढ्यात तानूबाईने दारातून हात घालून किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

“किल्ली दे, तानू. कशाला वाद?”

“एकोणीस वर्सं सरकलासा,” ती म्हणाली. “लग्नात सरकलासा, गल्लीत सरकलासा. तुमच्यासंगं मी बी सरकले. आज न्हाई. ही जागा आपल्याला दिलीया. मी हितंच जेवणार.” मग ती सुरजकडे वळली. “तुमच्या घरात कोण गेलं न्हाई काय हो? त्यास्नी कुणी न्हेलं?”

“आजोबांना... गाडीच आली होती. पण ते वेगळं, अक्का.”

“काय वेगळं?”

मित्रांनो, माझ्या अंगात जेवढं लोखंड आहे तेवढं त्या क्षणी ताठ झालं. मला हॉर्न वाजवता आला असता तर मी सगळं तळं हादरवलं असतं.

तेव्हा काठी टेकत अंबूताई उठल्या. “पद्मू, हात दे मला.”

“कुठं जातेस, आई?”

“आत. असल्याच गाडीतनं एक दिवस मला आडवी घालून नेणार की तुम्ही. तेव्हा मला काही दिसायचं नाही. आज बसून बघते.”

त्या आत चढल्या, बाकावर बसल्या, पडदा सरकवला. “तळं काय छान दिसतंय इथनं! तानूबाई, ती काढून ठेवलेली भाकरी दे इकडं. थोडं दही पण घाल, दात नाहीत मला.”

तानूबाईचे डोळे भरले, तरी तिने आधी दही वाढलं. वेदश्री आजीच्या शेजारी जाऊन बसली. मग वकील चपला काढून आत आले, जरा वाकून, आणि अण्णांना म्हणाले, “मला अर्धीच भाकरी द्या.” अण्णांच्या एकोणीस वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी अख्खी दिली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. दीपश्री आली नाही. तिने आपला तंबू लांब नेला. दोन कुटुंबं सुरजशी भांडून निघून गेली. पण सुरज पुन्हा गाडी हलवा म्हणायला आला नाही आणि आम्ही काठावरच राहिलो.

सकाळी अंबूताईंना तळ्याला फेरी मारायची होती. त्या माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, मागे वेदश्री आणि तानूबाई. अण्णांनी मला सुरू केलं आणि हाताला लागलेल्या सवयीने हळूहळू, एकेक खड्डा जपत नेऊ लागले. थोडं अंतर गेल्यावर अंबूताईंनी काठी आपटली.

“नागोजी, जोरात चालव की! मी जिवंत आहे अजून!”

अण्णा इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्यांनी पाय दाबला आणि मी पळाले. खिडक्यांतून वारा घुसला, डबे खडखडले, वेदश्री किंचाळत होती.

मित्रांनो, माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावातही माझ्यासारखी गाडी असेल आणि ती चालवणारं कुणी असेल. त्यांना पाणी द्या आणि ते पिईपर्यंत शेजारी बसा. आणि मोठेपणी जे काम कराल ते नीट करा. त्या कामापायी तुम्हाला कुणी कडेला सरकायला सांगितलं, तर सरकू नका.