दोन वायसर

वच्छला गेल्याचं कळलं त्या दिवशी मी लेथवर एक कॉलर, म्हणजे पोलादी कडं, कातत होतो. साठ सालचा एप्रिल होता. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन दिवस बाकी होते. अमरावतीच्या ज्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो, तिथला हंगाम संपला होता. कापूस येणं थांबलं की मशिनी खोलून दुरुस्त करायच्या असतात, आणि अधूनमधून लेथ मोकळा मिळतो.

साडेअकराला ऑफिसातून बोलावणं आलं. अकोल्याहून फोन होता. पलीकडच्या माणसानं विचारलं, "वच्छलाबाईचे मालक का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "लवकर निघा." मी विचारलं, जिवंत आहे का. तो म्हणाला, "तुम्ही या तर खरं." त्यावरून मला कळलं.

मी परत लेथपाशी गेलो. पट्टा सोडला, कॉलर काढली आणि खिशात टाकली. ती गरम होती, मांडीला चटका बसला. शेजारच्या ऑइल इंजिनवर ओमप्रकाश होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. पुढंही विचारलं नाही. पण ती कॉलर कोणत्या गाडीसाठी होती, हे त्याला माहीत होतं.

गाडी उद्धवची होती. उद्धव म्हणजे वच्छलाचा धाकटा भाऊ. माझे सासरे खुशालराव यांची मूर्तिजापूरपासून चार मैलांवर काळ्या मातीची तीस एकर जमीन. त्यांना हा एकच मुलगा. त्यानं परतवाड्याच्या एका जंगल अधिकाऱ्याकडून दोन सिलिंडरची इंग्रजी मोटारसायकल घेतली होती. शर्यतीची गाडी, हलकी, पळायला तेज. त्या हिवाळ्यात सेमाडोहच्या रस्त्यावर तो नाल्यात पडला आणि गाडीचा मागचा चिमटा वाकला. मागचं चाक ज्यात बसतं आणि जो चाकाबरोबर वरखाली हलतो, तो चिमटा. तापवून सरळ केला तर त्याला चीर गेली. नवा विलायतेहून आणायचा तर आयात बंद. मुंबईला दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही.

मग मी म्हटलं, बुलेटचा बसवू. एका पडलेल्या बुलेटचा चिमटा अमरावतीतच मिळाला. दोन्ही गाड्यांची चेन डाव्या अंगाला, त्यामुळं जमेल असं वाटलं. तो ज्या नळीवर फिरतो ती नळी तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच, जास्त लांब होती. दोन्ही बाजूंनी दीड दीड सूत कापायला हवी होती. पण डाव्या बाजूला पट्टीचा जोड होता. तो कापला तर पुन्हा वेल्डिंग लागलं असतं, आणि वेल्डिंगवाला अखजीसाठी गावी गेलेला. मी तिन्ही सूत उजवीकडून कापली.

ओमप्रकाश पाहत होता. तो म्हणाला, "नत्थुजी, दोनों तरफ से काटो. पहिया एक बाजू जाएगा."

मी म्हटलं, "चाकाले पॅकिंग देतो."

नळीत बसणारे बुश मी गनमेटलचे चांगले कातले, त्यात खोट नव्हती. पण चाक दीड सूत उजवीकडे सरकलं, आणि ते जागेवर आणायला अक्षावर एक पोलादी कॉलर हवी होती. कॉलर कातायला लेथ तेव्हा मोकळा नव्हता. मी तिच्या जागी दोन वायसर, पत्र्याच्या पातळ चकत्या, एकावर एक घातले आणि नट आवळला. अखजी झाली की कॉलर घालू, असं ठरवलं.

उद्धवला मी वायसरांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो थांबला असता, किंवा बडनेऱ्याहून तो आणि वच्छला आगगाडीनं गेले असते. तेही सोपं होतं. पण सासऱ्याच्या गावानं ती गाडी पाहावी, जावयानं केलेलं काम पाहावं, असं मला वाटत होतं. दुसरं कारण नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तो मुराळी म्हणून वच्छलाला अखजीसाठी माहेरी न्यायला आला तेव्हा गाडी दारात उभी होती.

"भाऊजी, झाली का माही घोडी?"

"झाली. आता फक्त लाथ मार."

वच्छला आतून म्हणाली, "घोडी कायची, म्हैस हाय ते. चार दिवस झाले, हा माणूस घरी जेवाले नाई आला. मी आता माहेरी चालली त मंग तिलेच म्हना, वाढ म्हनाव."

"अक्का, तू बस त खरी," उद्धव म्हणाला. "भाऊजीनं गादी करून देल्ली मागं."

"त्याच्यावर बसलं का पदर कुठी जाते अन् मी कुठी जातो, समजत नाई."

मी म्हटलं, "पदर खोचून घे. आता धक्का लागत नाई."

ती बसली. मांडीवर पिशवी होती, तिच्यात आईसाठी घेतलेलं लुगडं. कोपऱ्यावर वळताना तिनं मागं पाहिलं नाही. एका हातानं पदर आणि एका हातानं भावाचा खांदा धरला होता. मी फॅक्टरीत गेलो. लेथ मोकळा झाला होता, म्हणून कॉलर कातायला लावली.

माना गावाच्या अलीकडे गाडी उलटली. उद्धवचा डावा हात मोडला. वच्छलाचं डोकं पुलाच्या दगडावर आपटलं. एका ट्रकवाल्यानं दोघांना अकोल्याला नेलं. फोन येण्याच्या आधीच ती गेली होती.

अकोल्यालाच मोर्णा नदीच्या काठी तिला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी घेतल्या आणि मोटारीनं अमरावतीला निघालो. मानाला मी उतरलो. गाडी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली टाकलेली होती. अस्थींची पिशवी जमिनीवर ठेवायची नसते. ती मी लिंबाच्या फांदीला अडकवली आणि गाडीपाशी बसलो.

चेन मागच्या दातेरी चक्रावरून उतरून चक्र आणि चिमटा यांच्यामध्ये अडकली होती. चाक हलत नव्हतं. दोन वायसरांपैकी एक जागेवर होता. दुसऱ्याचा अर्धा तुकडाच उरला होता. चेनच्या कड्या एकाच अंगानं घासून चकाकत होत्या, चक्राचे दातेही तसेच. गाडी पडताना एका क्षणात असं होत नाही, त्याला कित्येक मैल लागतात. वायसर फुटला, चाक सरकलं, चेन तिरपी चालली, दात्यांवर चढली आणि अडकली. मी फिटर आहे. मला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

गावातला एक माणूस जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "पोट्टं सुसाट होतं म्हनतेत. बकरी आडवी आली, ब्रेक मारला, अन् उलटली."

मी म्हटलं, "हो."

तो गेल्यावर मी वायसरचा तुकडा ओढून काढला. तो कॉलरच्याच खिशात ठेवला. मग पिशवी फांदीवरून काढली आणि पुढची मोटार धरली.

पाचव्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं. रस्त्यानं बँड गेला, मुलांना पेढे वाटले. मी खिडकी लावून बसलो होतो.

तेरवीला सासरची सगळी मंडळी अमरावतीला आली. उद्धवचा हात गळ्यात बांधलेला होता. खुशालराव तेरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. पंगत उठल्यावर सगळ्यांदेखत त्यांनी त्याला पुढं उभं केलं.

"जवाईबापूनं तुले गाडी नवी करून देल्ली, अन् तू माही पोरगी मारून आनली. पड त्याइच्या पाया."

उद्धव खाली वाकला. एकच हात मोकळा होता, त्यामुळं तोल जाऊन त्याचं कपाळ माझ्या पायावर आपटलं. मी त्याला धरून उठवलं.

मी म्हटलं, "उद्धव, तुही चूक नाई."

हे मी खरं बोललो. यापुढचं वाक्यही माझ्या तोंडात होतं. पण तेवढ्यात सासूबाई दुर्गाबाई मोठ्यानं रडू लागल्या आणि खुशालरावांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "देवमानूस हाय तुमी." बाकीचेही तसंच म्हणाले. किती मोठं मन, बायको गेली तरी पोराला एक शब्द बोलला नाही. ते वाक्य तसंच राहिलं. उद्धव माझ्याकडे असा पाहत होता की मला त्याच्याकडे पाहता आलं नाही.

त्यानंतर मी वर्षातून तीन-चार वेळा सासरी जाऊ लागलो. दर वेळी निघताना ठरवायचो की आज सांगायचं. मूर्तिजापूरला उतरून चार मैल पायी जायचो. बैलबंडी मिळाली तरी बसायचो नाही, चालताना शब्द जुळवता यायचे. घरी पोचलो की पाट मांडलेला असायचा. खुशालराव मला शेजारी घेऊन जेवायचे आणि उद्धव मागाहून स्वयंपाकघरात जेवायचा. बाप लेकाशी बोलत नव्हता. काही सांगायचं असलं तर बायकोला म्हणायचा, "त्याले सांग, बैलाले पानी दाव." तो तिथंच चार हातांवर उभा असायचा.

उद्धवच्या लग्नाच्या गोष्टी दोनदा आल्या. त्यानं नाही म्हटलं. तो कोणत्याच वाहनावर बसत नसे, सायकलवरसुद्धा नाही. आगगाडीत तेवढा बसायचा. गाडी गोठ्यात उभी होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

बासष्ट साली पोळ्यानंतर मी गेलो तेव्हा तो गोठ्यात दावं वळत बसला होता. मी शेजारी बसलो. मनाशी म्हटलं, आता. पण तोच आधी बोलला.

"भाऊजी, एक गोष्ट इचारू का? राग नका येऊ देऊ."

"इचार."

"त्या दिवशी बडनेऱ्यापासूनच चेन वाजून राहिली होती. कर्रर कर्रर. मी गाडी थांबवली. म्हटलं वापस जाऊ, भाऊजीले दाखवू. मंग वाटलं, जवाईमानसानं केलेलं काम, तासाभरात खोट काढाले कसं जाव? अक्काबी म्हने, नोको जाऊ रे. त्याइनं चार दिवस जीव लावून केलं. वापस गेलो त त्याइले वाईट वाटन."

मी दाव्याचं दुसरं टोक धरलं.

"मंग मी जोरात घेतली, लवकर पोचाव म्हनून. बकरी आली हे खरं. ब्रेकबी दाबला. पन मले आता समजत नाई, आंधी ब्रेक दाबला का आंधी चाक अडकलं. मी रोज याद करतो. तुमाले त समजते गाडीतलं. चेन आंधी उतरली असन का?"

त्यानं दावं वळायचं थांबवलं होतं. मी गाडीकडे पाहिलं. चेन तशीच अडकलेली होती, तिला गंज चढला होता.

मी म्हटलं, "नाई. चेन पडल्यावर उतरली. जोरात असताना ब्रेक दाबला का मागचं चाक असंच अडकते."

"आवाज?"

"नवी बसवलेली चेन वाजतेच."

तो मग म्हणाला, "मले तसंच वाटे." आणि पुन्हा दावं वळू लागला. त्यानं मला पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

परत जाताना चार मैलांत मी स्वतःला सांगत होतो की वळ. मूर्तिजापूरचं स्टेशन आलं. गाडी लागलेली होती. मी बसलो.

वच्छला बडनेऱ्याला थांबली होती, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बडनेरा माझ्या घरापासून सहा मैल. ते परत आले असते तर मी चाक खोललं असतं. कॉलर त्या वेळी लेथवरच होती.

चौसष्टच्या हिवाळ्यात खुशालराव आजारी पडले. मी आठ दिवस तिथं राहिलो. शेवटच्या दिवशी सगळे जवळ होते. उद्धव उंबऱ्यापाशी उभा होता. सासूबाई म्हणाल्या, "अवो, पोराले जवळ तरी बलावा." खुशालरावांनी मान भिंतीकडे वळवली. मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. दोन शब्द पुरे होते, आणि त्यांना ऐकू येत होतं. दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. आता त्यांना सांगणं संपलं.

तेरवीच्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "तुमी येत जा जवाईबापू. तो तुमच्याशिवाय कोनासंगं दोन शब्द बोलत नाई. तुमी त्याले माफ केलं, त्याच्यावर जगून राहिला तो." मला वाटतं, त्याही दिवशी मी ते कारण म्हणून धरलं. कारण मला नेहमी मिळत आलं आहे.

उद्धव दर अखजीला अमरावतीला येतो. वच्छलाच्या नावानं मी पाण्याचा घडा भरतो आणि पान वाढतो. बहिणीच्या पानाला भाऊ पाहिजे म्हणून तो येतो. सकाळच्या गाडीनं येतो, बडनेऱ्याला उतरतो आणि तिथून सहा मैल चालत येतो. सोबत घरचे आंबे असतात. रस तोच काढतो, मला काढू देत नाही.

यंदाही आला होता. केस पांढरे झाले आहेत, वय अवघं तेहतीस. जेवताना म्हणाला, "अक्काले कुरडई आवडे." मी हो म्हटलं. फडताळात डबा आहे, त्यात कॉलर आणि वायसरचा तुकडा आहे. कॉलरला मी दर वर्षी तेल लावतो, ती गंजलेली नाही. तो हात धुवायला उठला तेव्हा मी डबा काढून पाटाशेजारी ठेवला. तो परत आला, त्यानं डबा पाहिला आणि विचारलं, "सुपारी हाय का?"

मी म्हटलं, "नाई, आनतो." आणि डबा उचलून ठेवला.

पाच वाजता तो निघाला. दारात माझ्या पाया पडला, दर वर्षी पडतो. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो.

उद्धवला सांगायचं राहिलं आहे.