दारात रुतलेली ठिणगी

शिंपी बायकांचे कपडे नेहमी दोन बोटं सैल बेतायचा. "अंग वाढतं, मन वाढतं, कापडाने का आखडून बसावं?" म्हणायचा. त्याच हाताने त्याने बायकोसाठी लाल मखमलीचं, कापूस भरलेलं, माणसाएवढं गर्भाशय शिवलं. बारा तुकडे, प्रत्येक दोन बोटं जास्त.

बायकोला सगळं गाव ठिणगी म्हणायचं. बावीस वर्षं तिचं एकच मागणं: मूल ठेवायचं की नाही हे बाईने ठरवावं, सरकारी दवाखान्याच्या फॉर्मवर नवऱ्याची सही नको, धर्मगुरूचा शिक्का नको. तिची धाकटी बहीण त्या शिक्क्याची वाट बघता बघता गेली होती. आज नगरसभेत त्यावर मतदान होतं.

गर्भाशय अंगावर चढवून, शिंप्याला मागे घेऊन ठिणगी तीन जिने चढली, दोन्ही बाजूंच्या लाल नळ्या हलवत, गुणगुणत:

"वाऱ्या, ये अंगणी; पावसा, ये दारी;
आत कोण यावं, माझी मुखत्यारी."

बघते तर विरोधातले पाच सभासद फायली काखोटीला मारून उठलेले! सभासद एकूण अकरा. आठ हजर नसले की मतदान रद्द. पाच गेले की उरणार सहा.

"थांबा हो!" म्हणत ठिणगी धावली आणि सभागृहाच्या एकुलत्या एक दारात गच्च रुतली.

"बाई, बाजूला व्हा!" पाचांचा म्होरक्या, मिशाळ वकील, गरजला.

"होते की, वकीलसाहेब." ती धडपडली. अगदी खरंखुरं धडपडली. मागून शिंपी ओढायला लागला.

"अगं, श्वास सोड!"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने पोट भरून श्वास घेतला.

"अहो, ओढू नका!"

"आं?"

"ढकला!"

शिंप्याने तीस वर्षांचा संसार खांद्यात आणून ढकललं. वकिलाने पुढून रेटलं, तर त्याचा हात कोपरापर्यंत कापसात.

"खिडकीतून जा की," कोणीतरी सुचवलं.

"तिसरा मजला आहे, गाढवा!"

अध्यक्षबाई इतक्या हसल्या की चष्मा टेबलाखाली गेला. तो न शोधताच म्हणाल्या, "अकराच्या अकरा हजर दिसतायत. घ्या मतदान!"

सहा हात वर. पाच खाली, त्यातला एक अजून कापसातच.

सही गेली. शिक्का गेला. धाकटीचं हसू नाकातून फुर्रकन सुटायचं. तेच आज ठिणगीच्या नाकातून सुटलं, आणि चौकट हलायला लागली.

"झालं का गं?" मागून शिंपी. "आता ओढू?"

"थांबा हो, नाचून तर होऊ दे!"

आणि ती तिथेच, दारात रुतल्या रुतल्या, नळ्या उडवत नाचायला लागली.