नळीतला गुलाबी

आमच्या पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात मीठ असतं, हे नवीन माणसाला पटतच नाही. एक घोट नाकातोंडात गेला की पटतं. समुद्राइतकं खारट नसतं हो, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षाही कमीच. पंपाच्या खोलीत एक सेल बसवलाय. त्यातल्या धातूच्या पट्ट्यांवरून हे खारं पाणी गेलं आणि वीज लागली की क्लोरीन जागच्या जागी तयार होतो. डबे आणून ओतायला नकोत. पण असलं पाणी फार लाडावलेलं असतं. पीएच म्हणून एक माप आहे, ते या पाण्यात आपलं आपणच वर चढत राहतं. चढलं की क्लोरीन लुळा पडतो, पाणी दुधाळ होतं, डोळे चुरचुरतात. मग थोडं ॲसिड घालून त्याला खाली बसवावं लागतं.

हे बसवण्याचं काम आमच्या ह्यांचं. दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही. काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं, उजेडाकडे धरायचं आणि शेजारच्या रंगांच्या पट्टीशी जुळवायचं. पिवळं दिसलं तर पीएच खाली गेलाय, सोडा घाला. नारिंगी दिसलं तर सगळं ठीक. गुलाबीकडे झुकलं तर वर गेलाय, ॲसिड घाला. एवढंच, पण हे नळीकडे असे बघतात की मी लग्नात नटून उभी होते तेव्हाही माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. पोहायला येणारे लोक ह्यांना खारेबाबा म्हणतात. ह्यांना ते आवडतं, दाखवत नाहीत इतकंच.

तर मध्यंतरी पाणी बिघडलं. तळाची फरशी धूसर दिसायला लागली. माझी सून बायकांना पोहायला शिकवते. ती एका सकाळी डोळे लाल करून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, पाणी चावतंय हो. आज दोघी जणी अर्ध्यातून निघून गेल्या."

"पीएच पडतोय," हे म्हणाले. "मी रोज सोडा घालतोय, तरी वर येत नाही. मीठच भेसळीचं आलंय या खेपेला."

"मीठवाल्यालाच का धरताय?" मी म्हटलं. "तो बिचारा पोतं खांद्यावरून आणतो, डोक्यानं नाही."

"तू गप बस."

मी गप बसत नसते, पण तेव्हा बसले. त्याच दिवशी जेवताना मुलानं विषय काढला. तलावाचा सगळा कारभार आता तोच बघतो. म्हणाला, "बाबा, रविवारी मशीनवाला येतोय. ते मशीन स्वतः पीएच मोजतं, स्वतःच ॲसिड सोडतं. तुम्ही आता तिकिटाच्या खिडकीत बसा, पंख्याखाली, आरामात."

हे ताटातलं तसंच टाकून उठले. नंतर हात पुसता पुसता मला म्हणाले, "खिडकीत मला कशाला बसवतोय? एखादी कुंडी ठेव म्हणावं. पाणी घातलं की झालं."

मला हसू आलं आणि लगेच विरलंही. पाण्याचं काम काढून घेतलं तर हा माणूस उठून करणार काय? सकाळी डोळे उघडले की चप्पल न घालता पंपाच्या खोलीत जाणारा माणूस. रविवारच्या आत पाणी सुधारलं नाही तर खिडकी ठरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॉवेलच्या घड्या घालत होते. आमच्याकडे बायकांचे टॉवेल गुलाबी आणि पुरुषांचे नारिंगी, म्हणजे भांडणं नकोत. ते दोरीवरून काढून दोन फळ्यांवर लावायचं काम ह्यांचं. तेवढ्यात पुरुषांच्या खोलीतून एक पहिलवानासारखा गडी गुलाबी टॉवेल गुंडाळून खाली मान घालून निघून गेला. मी फळ्या बघितल्या. सगळी खिचडी. तोंडात शिव्या तयार झाल्या आणि तिथेच अडकल्या. आमच्या ह्यांच्या हातून एकवेळ चूक होईल, वेंधळेपणा व्हायचा नाही. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

सकाळी मी ह्यांच्या मागोमाग पंपाच्या खोलीत गेले.

"तू कुठे इकडे?"

"का, खोली तुमच्या नावावर आहे?"

ह्यांनी थेंब टाकले, नळी हलवली, बल्बकडे धरली. डोळे बारीक केले. "बघ. पिवळ्याकडे झुकलंय. आजही सोडाच लागणार."

नळीत चांगला गुलाबी होता. नव्या नवरीच्या गालासारखा.

"अहो, गुलाबी आहे ते."

"तुला काय कळतं पीएचमधलं?"

"पीएचमधलं काही कळत नाही. गुलाबी कळतं." मी काखेतले दोन टॉवेल पुढे धरले. "यातला बायकांचा कोणता?"

हे चिडले. "पोरखेळ लावलायस?" असं म्हणाले, पण हात पुढे केला. बराच वेळ दोन्हींवरून बोटं फिरवली, जणू रंग हाताला लागणार होता. मग नारिंगी उचलला.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही यावरूनच ह्यांना कळलं. हे मिठाच्या पोत्यावर बसले.

"मला वाटलं बल्ब जुना झाला," हळूच म्हणाले. "दोनदा बदलला गं मी."

"डोळ्यांवर साय धरलीय. मोतीबिंदू म्हणतात. काढतात तो. माझ्या बहिणीचा काढला, आता तिला माझ्या स्वयंपाकातला खडासुद्धा दिसतो."

"पोराला सांगू नकोस. दिसत नाही म्हटलं की माणूस संपलाच समजतात. खिडकीत तरी कशाला बसवतील मग?"

"मी काय दवंडी पिटणारी आहे? मी सांगणार नाही. पण तुम्ही उठा आधी. त्या पाण्यात तुम्ही उलटं औषध ओतलंय, ते निस्तरू."

तलाव बंदची पाटी लावली. ह्यांनी बादलीत आधी पाणी घेतलं आणि मग त्यात ॲसिड सोडलं. उलटं केलं तर तोंडावर उडतं, हे मला तेव्हाही ऐकवायला विसरले नाहीत. पंप चालू ठेवून खोल बाजूच्या कडेकडेनं सोडत गेले. पाण्याला फिरू दिलं, पुन्हा नळी भरली, मी रंग सांगितला, ह्यांनी माप ठरवलं. एकदम सगळं ओतायचं नाही, पाण्याला समजावत आणायचं. सेल बाहेर काढला तर पट्ट्यांवर पांढरा थर, किटलीच्या बुडासारखा. पातळ ॲसिडमध्ये ठेवल्यावर तो फसफसून सुटला. असं रोज थोडं थोडं करत राहिलो. सुनेनं विचारलं, "आई, तुम्ही दोघं त्या खोलीत करता काय?" मी म्हटलं, "संसार." ती पळाली.

रविवार उजाडला तेव्हा तळाच्या फरशीच्या रेषा मोजाव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या. मशीनवाल्यानं आपलं यंत्र पाण्यात बुडवलं. सज्जन मुलगा होता. म्हणाला, "काका, पाणी तर छान आहे."

आमचा मुलगा चक्रावला. "मग इतके दिवस काय झालं होतं?"

ह्यांच्यासमोर पळवाट उघडी होती. मीठ बदललं म्हणायचं, की सुटले. खिडकी टळली, डोळे झाकले गेले. मी जीभ दातांखाली धरली. आयुष्यात इतका वेळ धरलेली नव्हती.

"मिठात काही खोट नव्हती," हे म्हणाले. "मला गुलाबी दिसेनासं झालंय. मी सोडा घालत राहिलो आणि बायकांचे डोळे जाळले. आता रंग हिनं सांगितला म्हणून पाणी निवळलं."

मुलानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या मुलाला एरवी असलं काही जमत नाही. मशीनवाल्याला म्हणाला, "हे मशीन बसवलं तरी नळीत बघायला माणूस लागतोच ना?"

"लागतोच. मशीनचं मापही कधीकधी सरकतं. पडताळा घ्यावाच लागतो."

"मग बाबा पडताळा घेतील. आधी डोळ्यांचा डॉक्टर. तोवर रंग आई बघेल."

"मला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

मशीन बसायला अजून अवकाश आहे, आणि डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिलीय. तोवर रोज सकाळी हे थेंब टाकून नळी हलवतात आणि मी उजेडाकडे धरते.

"काय रंग?"

"नारिंगी."

"नारिंगी म्हणजे कसला? नीट सांग."

"सर्दी झाल्यावर तुमचं नाक होतं तसला."

"म्हणजे जरा वर आहे," म्हणतात, आणि ॲसिडचं माप काढतात. बरोबर काढतात, मेले.

काल म्हणाले, "एकदा डोळे साफ झाले की तुला या खोलीत यायची गरज नाही."

"यायचं की नाही ते मी ठरवीन," मी म्हटलं आणि नळी विसळायला घेतली.