चार छत्तीस ते चार अठ्ठेचाळीस

ऐका तर, मधे कुणी बोलू नका. आपल्या काव्याला लातूरला नर्सिंगची सीट लागली. लागली रविवारी, आणि मंगळवारी पाचच्या आत मोबाइलवर पक्की करायची. नाही केली तर सीट दुसऱ्याला. इतकं सोपं. पण तिची अव्वा, म्हणजे आई, आपली श्रीदेवीकाकू! रविवारी म्हणे अमावास्या, सोमवारी अमावास्येची कर, म्हणून तोही दिवस वाईट, मंगळवारी सकाळी नक्षत्र वाईट, दुपारी तीन ते साडेचार राहुकाळ. मठातल्या अय्यांनी पंचांग बघून वेळ दिली: चार छत्तीस ते चार अठ्ठेचाळीस. त्यानंतर लगेच दीड तासाची विषघटी, ती तर राहुकाळाहून वाईट.

"अव्वा, शेवटच्या दिवशी वेबसाइट बंद पडती गं!" काव्या सकाळपासून घसा फोडत होती.

"तुझ्या भावानं पोलीस भरतीचा फॉर्म राहुकाळात भरला. काय झालं?"

"पाय मुरगळला. ग्राउंडवर."

"मग!"

भाऊ, म्हणजे बसू, तिथंच पोहे खात बसलेला. "अव्वा, खड्ड्यात पाय गेला माझा. खड्डा काय राहूनं खणला न्हवता."

"तू गप खा."

खरं सांगू, काव्याच्याही मनात पाल चुकचुकलेलीच. उद्या लातूरला काही बरंवाईट झालं, तर अव्वा जन्मभर ही चुकलेली वेळच उकरून काढणार. म्हणून बसली बिचारी घड्याळाकडं बघत. जेवण नाही की पाणी नाही.

साडेचारला तोंड धुतलं, विभूती लावली, पूर्वेला तोंड करून बसली. चार छत्तीस. "हं, शिवाचं नाव घे आणि दाब." दाबलं. पेज फिरलं, फिरलं, आणि काय आलं? नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.

नंबर कुणाचा? अप्पांचा, तिच्या वडिलांचा! जूनमध्ये फॉर्म भरताना तोच दिलेला. आणि अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चादरीच्या कारखान्यात जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करतात. तिथं चाळीस माग एकदम खडखडतात, कानात बोंबललं तरी ऐकू येत नाही. फोन खुंटीवरच्या शर्टात. काव्यानं अकरा वेळा लावला. नुसती रिंग.

चार बेचाळीसला बसूनं गाडी काढली. काव्या मागं, हातात मोबाइल, पेज जाऊ नये म्हणून अंगठ्यानं सारखी स्क्रीन हलवतीय. एका सिग्नलला बघितलं तर चार अठ्ठेचाळीस. मुहूर्त गेला!

कारखान्यात पोचली तर अप्पा एका मागाखाली आडवे. हाक ऐकू येईना, तिनं सरळ पाय धरून ओढला. हातवारे करकरून त्यांना फोनसकट बाहेर आणलं. पहिला ओटीपी केव्हाच मेलेला. दुसरा मागितला. येईना, येईना. चार पंचावन्नला आला. सहा आकडे टाकले, आता नुसतं बटण दाबायचं, आणि तेवढ्यात बसूच्या फोनवर अव्वा, घाबरून कानडीवर आलेली.

"ब्याड, काव्या, ब्याड! नको दाबू! विषघटी लागली. सीट गेली तर जाऊ दे. मला पोरगी सुखरूप पायजे."

रडत होती हो काकू. काव्याचा अंगठा बटणावर तसाच. दाबेना आणि उचलेना. चार छप्पन्न.

अप्पांनी काळ्या हातानं फोन घेतला. "श्रीदेवी, लग्नानंतर पहिल्यांदा तू माहेरी निघालीस, तवा मंगळवार वाईट होता. तुझ्या सासूनं काय केलं?"

"आवो, आत्ता काय हे?"

"सांग की!"

"प्रस्थान ठेवलं. सोमवारी चांगली वेळ बघून माझी पिशवी शेजारी निंगव्वाच्या घरात नेऊन ठेवली. मग मंगळवारी निघाले."

"म्हंजे पिशवी निघाली तवाच तू निघालीस. व्हय का न्हाय?"

"व्हय..."

"मग पोरीनं चार छत्तीसला बटण दाबलं न्हवं? ती तवाच निघाली. आता नुसतं पोचायचंय."

पलीकडं काकूंनी नाक ओढलं. चार सत्तावन्न.

"मग बघत काय बसलाव? दाब म्हणा की तिला!"

दाबलं! पेज फिरायला लागलं. अठ्ठावन्न. अजून फिरतंय. अप्पांनी तिचं मनगट गच्च धरलेलं, आणि आपला बसू, कधी देवाला हात न जोडणारा, पुटपुटतोय, "राहू, केतू, कुणीतरी बघा रे!"

हिरवी टिक आली.

काव्या तिथंच दारात चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.

"झालं?" फोनवर काकू. "पावतीवर वेळ काय पडली?"

अप्पांनी काव्याकडं बघितलं. खोटं बोलावं का, असं क्षणभर वाटलं असेल. "चार एकोणसाठ."

"बरं. अय्यांना सांगू नका. आणि विषघटी सरेपर्यंत तिला तिथंच बसवा. गाडीवर घालू नका."

सव्वासहापर्यंत बसली ती त्या गठ्ठ्यावर. दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडून बघायची, टिक हाय का गेली.